साताऱ्याचे पेढे ‘नॉट फाउंड’!

पुण्यात नोकरी करणाऱ्या तमाम सातारा-सांगलीकरांची एक कॉमन व्यथा आहे. शुक्रवारी रात्री स्वारगेटला विनाथांबा पकडायची, खंबाटकीच्या घाटापर्यंत एक डुलकी काढायची, घरी पोचून बॅग टेकवायची आणि तेवढ्यात कुणीतरी म्हणणार, ‘‘अगं, तू कॉम्प्युटरमधली ना? मग हे जरा बघ की, उघडंना झालंय.’’

मी कॉम्प्युटरमधली नाही. मी मास कम्युनिकेशनवाली. पण गावाकडे लॅपटॉप घेऊन बसणारी प्रत्येक व्यक्ती कॉम्प्युटरमधली असते, हा नियम मी कधीच मान्य करून टाकलाय. शिवाय माझी रूममेट खरोखरची बॅकएंडवाली आहे, हिंजवडीत. ती सांगलीची, मी साताऱ्याची. त्यामुळे आमच्या फ्लॅटवर पेढे विरुद्ध भडंग हा वाद कायमचा आणि दोन्ही जिल्ह्यांतल्या नातेवाइकांचं टेक सपोर्ट सेंटरही कायमचं. गेल्या काही वर्षांत तिच्या शेजारी बसून मी एवढे एरर पाहिलेत, की आता मला त्यांची थोडी गोडीच लागलीय.

सगळ्यात आधी मामांची केस. मामांचं पेढ्यांचं दुकान, मामेभावाने हौसेनं केलेली वेबसाइट. घरच्या लॅपटॉपवर झकास चालत होती. सर्व्हरवर टाकली आणि स्क्रीनवर आलं, ‘ॲक्सेस डिनाइड फॉर युजर रूट ॲट लोकलहोस्ट, युजिंग पासवर्ड : नो’. भावाने काय केलं असेल? पासवर्ड बदलला. परत तेच. परत बदलला. तीन तास हेच चाललेलं. रूममेटने फोनवर एकच प्रश्न विचारला, ‘‘शेवटचा शब्द काय आहे?’’

इथे फंडा असा, की लोक एरर पहिल्या दोन शब्दांतच वाचायचं सोडतात आणि खरी गोष्ट असते शेवटी. ‘पासवर्ड : नो’ म्हणजे वेबसाइटने डेटाबेसला पासवर्ड दिलेलाच नाही. तो चुकीचा असण्याचा प्रश्नच येत नाही. याचा अर्थ कॉन्फिगरेशनची फाइल वाचलीच गेली नाही, किंवा वाचली तरी त्यात पासवर्डच्या जागेचं नाव एका अक्षराने चुकलंय. ‘पासवर्ड : येस’ असतं तर गोष्ट वेगळी. पासवर्ड पोचलाय, पण तो तरी चुकलाय नाहीतर त्या युजरला त्या मशीनवरून आत यायची परवानगी नाही. दोन अक्षरी शब्दाने तीन तास वाचले असते.

फाइल सापडली, तर पुढचा दगड आडवा. ‘लोकलहोस्ट’ म्हणजे ‘मी स्वतः’. भावाच्या लॅपटॉपवर वेबसाइट आणि डेटाबेस एकाच मशीनवर गुण्यागोविंदाने नांदत होते. होस्टिंगवाल्याकडे मात्र डेटाबेस दुसऱ्याच मशीनवर. वेबसाइट बिचारी स्वतःच्याच खिशात किल्ली शोधत बसलेली! ते बदललं तर नवीन एरर : टेबलच अस्तित्वात नाही. टेबल तर समोर दिसतंय! विंडोजवर ‘ऑर्डर्स’ मधलं पहिलं अक्षर कॅपिटल असो की स्मॉल, काही फरक पडत नाही. लिनक्सवर पडतो. आणि सर्व्हर बहुतेक वेळा लिनक्सच असतो. ‘माझ्या मशीनवर तर चालतंय’ या जगप्रसिद्ध वाक्याचा निम्मा जन्म याच दोन-तीन कारणांतून झाला असावा असं माझं मत आहे.

(एक सूचना जाता जाता. साइट चालू झाल्यावर ‘डीबग’ बंद करायला विसरू नका. ते चालू असलं तर एखादा एरर आला की तुमची अंतर्गत माहिती, कधीकधी डेटाबेसचा पासवर्डसुद्धा, पेढे घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला छापून दाखवली जाते. दुकानाच्या शटरवर किल्ली टांगून घरी जाण्याचाच हा प्रकार.)

साइट उघडली. मामा खूश. मामींनी लगेच मोबाइलवर सर्चमध्ये टाईप केलं, ‘साताऱ्याचे कंदी पेढे’. उत्तर आलं, एकही वस्तू सापडली नाही.

‘‘म्हणजे आपल्या दुकानात आपलेच पेढे न्हाईत?’’ मामा.

आता हे मला भयंकर आवडलेलं प्रकरण आहे, त्यामुळे थोडं थांबून सांगते. ‘साताऱ्याचे’ मधला तो ‘ऱ्य’, आडव्या रफारवाला, ही आपल्या मराठीची खास चीज. युनिकोडमध्ये तो किमान तीन तऱ्हांनी लिहिता येतो. एक, खास मराठी ‘ऱ’ घ्यायचा, त्याला हलन्त आणि मग ‘य’. दोन, साधा ‘र’, त्याच्याखाली नुक्ता, हलन्त आणि ‘य’. तीन, साधा ‘र’, हलन्त, मग डोळ्याला न दिसणारं एक जोडचिन्ह आणि ‘य’. स्क्रीनवर तिन्ही डिट्टो सेम. पण डेटाबेस अक्षरं बघत नाही, बाइट मोजतो. पहिल्या प्रकारात नऊ बाइट, दुसऱ्या आणि तिसऱ्यात बारा, आणि तेही वेगवेगळे. भावाने मालाची यादी लॅपटॉपवर एका कीबोर्डने भरलेली, मामींचा मोबाइल दुसऱ्या पद्धतीने ‘ऱ्य’ काढत होता. बाइट जुळवून शोधणाऱ्या सर्चच्या दृष्टीने ते दोन वेगळे शब्द होते. ज्यांना ‘ऱ्य’ काढताच येत नाही ते डोक्यावर रफार देऊन लिहितात, ती चौथी तऱ्हा. म्हणजे जगभर पेढे विकायला निघालेली साइट गावाच्या नावावरच अडकली.

यावर इलाज आहे आणि तो सोपा आहे. डेटा साठवण्यापूर्वी आणि शोधण्यापूर्वी, दोन्ही वेळा, मजकूर एकाच ठराविक रूपात आणायचा. याला ‘नॉर्मलायझेशन’ म्हणतात आणि बहुतेक प्रोग्रामिंग भाषांत ते तयार मिळतं. त्याने पहिला आणि दुसरा प्रकार एक होतात. तिसरा होत नाही, त्या अदृश्य जोडचिन्हासाठी एक ओळ स्वतः लिहावी लागते. पुण्या-बंगळुरात बसून भारतभरासाठी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना ही ओळ सहसा आठवत नाही, कारण त्यांच्या टेस्टिंगच्या यादीत ‘साताऱ्याचा’ हा शब्द नसतो. माझी सूचना अशी, की तुम्ही टेस्टिंगमध्ये असाल तर तो घाला. फुकटात बग सापडेल.

मराठीचाच दुसरा प्रताप म्हणजे प्रश्नचिन्हं. फॉर्म भरला, सेव्ह केला, परत उघडला तर नावाच्या जागी नुसतीच प्रश्नचिन्हांची रांग. याच्या मागे, विश्वास ठेवा, स्वीडन आहे. मायएसक्यूएल हा डेटाबेस १९९५ मध्ये स्वीडनच्या एका कंपनीतून आला. त्यामुळे त्याची न सांगता चालू असणारी अक्षरांची सेटिंग पश्चिम युरोपची आणि अकारविल्हे लावायची पद्धत चक्क स्वीडिश! २०१८ मध्ये आठवी आवृत्ती येईपर्यंत हेच चाललं होतं. म्हणजे तोवर तुम्ही काही सांगितलं नाहीत, तर तुमची मराठी नावं स्वीडिश नियमाने रांगेत उभी राहायची. त्या सेटिंगमध्ये देवनागरी बसतच नाही. मग डेटाबेस एकतर एरर देतो नाहीतर प्रत्येक चिन्हाऐवजी एक प्रश्नचिन्ह ठेवून मोकळा होतो.

आमच्या फ्लॅटमधला यावरचा जोक असा : ‘सातारा’ लिहायला युनिकोडची सहा चिन्हं लागतात. ‘सांगली’ लिहायलाही सहाच. दोन्हींचे बाइट अठरा-अठरा. त्यामुळे या एररमध्ये सातारा आणि सांगली, दोन्ही जागी बरोब्बर सहा प्रश्नचिन्हं दिसतात. एकोणीसशे एकोणपन्नासच्या आधीचा अखंड जिल्हा परत!

जोक सोडा, अशा वेळी घाबरून काही बदलायच्या आधी एक गोष्ट बघायची. प्रश्नचिन्हं डेटाबेसच्या आतच बसलीत की फक्त स्क्रीनवर दिसतायत? आतच असतील तर मूळ नाव गेलं, परत येणार नाही, कागदावरून पुन्हा भरावं लागेल. फक्त स्क्रीनवर असतील तर डेटा शाबूत आहे, मधल्या जोडणीची सेटिंग चुकलीय. आणि प्रश्नचिन्हांऐवजी डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ‘ए’ आणि मध्येमध्ये चलनासारखं चिन्ह असा कचरा दिसला, तर उलट हायसं वाटू द्या. बाइट सगळे जागेवर आहेत, वाचणारा चुकीचा चष्मा घालून वाचतोय. घाईघाईत त्याच कचऱ्यावर पुन्हा ‘सेव्ह’ मात्र दाबू नका.

ही सेटिंग तीन ठिकाणी असते : टेबलची, जोडणीची आणि वेबपानाची. तिन्हीकडे सारखी हवी. दोनच बदलून ‘केलं की सगळं’ म्हणणारे फार. आणि मायएसक्यूएलमध्ये जिला नुसतं ‘यूटीएफ-८’ म्हटलं जायचं ती सेटिंग अर्धवट आहे, तिच्यात एका चिन्हाला तीनच बाइट मिळतात. देवनागरीला तीन पुरतात, म्हणून मराठी साइट्स वर्षानुवर्षं सुखात होत्या. मग इमोजी आले. त्यांना चार लागतात. एका गिऱ्हाइकाने अभिप्रायात ‘लय भारी’ लिहून पुढे हसरा चेहरा टाकला आणि मामांची साइट बसली. चार बाइटवाली ‘एमबी-४’ सेटिंग २०१० पासून उपलब्ध आहे, तीच वापरा.

ऑर्डरी यायला लागल्यावर गावांच्या नावांचा घोळ सुरू झाला. भावाने कुठल्यातरी तयार कोडमधून एक नियम उचललेला : पिनकोड ४१५ ने सुरू झाला की जिल्हा सातारा, ४१६ ने सुरू झाला तर सांगली किंवा कोल्हापूर. ऐकायला ठीक. साताऱ्याचा पिन ४१५००१, कऱ्हाडचा ४१५११०, सांगलीचा ४१६४१६. पण विट्याचा ४१५३११ आणि इस्लामपूरचा ४१५४०९! दोन्ही सांगली जिल्ह्यात. विट्याच्या काकूंना त्यांचा जिल्हा ‘सातारा’ असल्याचं साइटने ठणकावून सांगितलं आणि पुढे जाऊ देईना. रूममेट जाम भडकली. टपाल खात्याच्या रेषा टपालाच्या सोयीने आखलेल्या, जिल्ह्याच्या रेषा महसुलाच्या. एकीवरून दुसरी ओळखायची नसते.

तालुक्यांची आणखी गंमत. खानापूर तालुका, पण कचेरी विट्याला. माण तालुका, कचेरी दहिवडीला. खटाव वडूजला, जावळी मेढ्याला. गिऱ्हाईक आपल्या सवयीने विटा लिहितं, यादीत असतं खानापूर. त्यात नावं बदलतात. १९४९ मध्ये साताऱ्याचे दोन जिल्हे झाले, खालच्याचं नाव ‘दक्षिण सातारा’, ते १९६० मध्ये ‘सांगली’ झालं. अहमदनगरचं अहिल्यानगर आपल्या डोळ्यांदेखत झालं आणि २०२५ मध्ये राज्य सरकारने इस्लामपूरचं ईश्वरपूर करायचा निर्णय जाहीर केला. डेटाबेसमध्ये गावाचं नाव हीच त्याची ओळख म्हणून वापरली असेल तर नाव बदललं की जुन्या ऑर्डरी अनाथ. गावाला एक न बदलणारा नंबर द्यायचा, नाव त्याच्याशेजारी लिहायचं, हवं तेव्हा बदलायचं. अगदी पहिल्या वर्षाला शिकवतात म्हणे. शिकवलेलं ऑफिसात कुठे जातं ते मी विचारत नाही. आणि सांगलीचा एसटीडी कोड ०२३३. तो ‘आकडा’ म्हणून साठवलात तर पुढचं शून्य गळून २३३ उरतं. फोन नंबर, पिनकोड यांची बेरीज-वजाबाकी कुणी करत नाही. ते मजकूर म्हणूनच ठेवा.

इथपर्यंत सगळं पेढ्यांपुरतं. फार तर ऑर्डर बुडते. पण मला या विषयाचं गांभीर्य कळलं ते जुलै २०२१ मध्ये, सांगलीच्या पुरात.

सांगलीकरांना सांगायला नको, पावसाळ्यात तिथे घड्याळापेक्षा जास्त वेळा आयर्विन पुलाकडे बघितलं जातं. १९२९ चा हा कृष्णेवरचा पूल. ४० फुटांवर पाणी आलं की इशारा, ४५ ला धोका. २०१९ मध्ये ते ५७ फुटांच्या वर गेलेलं. वर सातारा जिल्ह्यात कोयना धरणातून सोडलेलं पाणी कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळतं आणि खाली सांगलीला येतं. त्यामुळे साताऱ्यातला विसर्गाचा आकडा हा सांगलीतल्या माणसाच्या दृष्टीने ‘फ्रिज वरच्या मजल्यावर न्यायचा की नाही’ याचा आकडा असतो. रूममेटच्या गल्लीतल्या पोरांनी तेव्हा एक साधं पान केलं. पाटबंधारे विभाग जाहीर करेल ती पातळी भरायची, गल्लीतल्या सगळ्यांनी मोबाइलवर बघायची. बस्स.

पहिल्या रात्री दोनला एका काकूंचा फोन आला. तळमजल्यावर राहणाऱ्या, सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. ‘‘अरे, साडेआठनंतर काहीच का टाकलं नाहीस? पाणी थांबलंय का?’’ पोराने पाच मिनिटांपूर्वीच आकडा भरलेला. पानावर मात्र त्याची वेळ दिसत होती आदल्या दिवशीची रात्री साडेआठ. सर्व्हर आंतरराष्ट्रीय वेळेवर, आपण त्याच्या साडेपाच तास पुढे. कॉन्फिगरेशनमधली ‘एशिया/कोलकाता’ ही एक ओळ कुणी भरलीच नव्हती. दिवसा कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण दिवसा लोक खिडकीतून बघतात. रात्री पानच बघतात. काकूंनी फोन केला म्हणून बरं. न करता ‘थांबलंय’ असं समजून झोपल्या असत्या तर?

साठवताना आंतरराष्ट्रीय वेळच साठवावी, दाखवताना आपली करावी, हा खरा नियम. घाईत लोक दोन्हीकडे साडेपाच तास मिळवतात आणि मग पुराचा आकडा भविष्यातला दिसायला लागतो.

ती ओळ घातली. दुसऱ्या दिवशी रूममेटचे आजोबा चष्मा कपाळावर सरकवून पानाकडे बघत म्हणाले, ‘‘हे उतरलं कधी?’’ पानावर ओळीने दोन आकडे होते : ३९.९, आणि त्याच्याखाली नवा, ३९.१. आलेख सरळ खाली गेलेला. पाणी मात्र चढत होतं. झालं असं, की पोरं फूट-इंच टिंबाने तोडून लिहीत होती. एकोणचाळीस फूट नऊ इंच म्हणजे ३९.९. पुढे एकोणचाळीस फूट दहा इंच झालं, त्याने भरलं ३९.१०. डेटाबेसला तो दशांश वाटला, दशांशात शेवटच्या शून्याला किंमत नाही, तो म्हणाला ३९.१. दहा इंचांचा एक इंच झाला! त्याच हिशेबाने अकरा इंचांचे ३९.११ हे दोन इंचांच्या ३९.२ पेक्षा कमी ठरतात. आणि चाळीस फुटांना आपोआप जाणारा इशारा? चाळिसाला एक इंच कमी असताना यंत्र समजतंय अजून ऐंशी-नव्वद टक्के फूट बाकी आहे.

इथे कुठलाही लाल एरर आला नाही. स्क्रीनवर सगळं हिरवंगार. प्रोग्राम आपल्या समजुतीप्रमाणे शंभर टक्के बरोबर चालला होता. रूममेट म्हणते, असे एरर तिला सगळ्यात जास्त रात्री जागवतात. ओरडणारा एरर परवडला.

तिने पुण्यातून बसल्या बसल्या सगळा कॉलम इंचांत बदलला. चाळीस फूट म्हणजे ४८०, पंचेचाळीस म्हणजे ५४०, एकोणचाळीस फूट दहा इंच म्हणजे ४७८. पूर्ण आकडा, टिंबाचं नावच नाही. दाखवताना बाराने भागून परत फूट-इंच. भरण्याच्या फॉर्ममध्ये फुटाचा डबा वेगळा, इंचाचा वेगळा, आणि इंचाच्या डब्यात अकराच्या वर काही घेणार नाही. जुने आकडे दुरुस्त करताना मोठा प्रश्न आला. ३९.१ हा एक इंच की दहा इंच, हे डेटाबेस आता सांगू शकत नव्हता. ते शून्य कायमचं गेलेलं.

सांगितलं कुणी, तर आजोबांनी. त्यांनी २००५ च्या पुरापासून एका वहीत पातळी लिहून ठेवायची सवय लावून घेतलीय. तारीख, वेळ, फूट, इंच, पेन्सिलने. पोरांनी ती वही समोर ठेवून सगळ्या नोंदी तपासल्या आणि मग जुने आकडेही भरायला घेतले. ते काम अजून संपलेलं नाही, कारण मध्येच आजोबा अक्षरांत लिहितात. ‘पहाटे, पावणेचाळीस’. फॉर्म हे घेईना. शेवटी रूममेटने आजोबांसाठी पाव, अर्धा, पाऊण असा एक वेगळा डबा करून दिला आणि तिथे ४७७ ची नोंद झाली.